पोट भरणे आणि पोषण होणे : दुभत्या गाईंच्या घरगुती आहाराचे अर्थकारण

भारत १९९८ पासून जगातील सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश आहे. हे उत्पादन प्रामुख्याने दोन-चार जनावरे सांभाळणाऱ्या लक्षावधी लहान कुटुंबांच्या गोठ्यांतून येते. दुधाळ जनावरांच्या खरेदीसाठी बँका या कुटुंबांना दीर्घकाळ कर्जपुरवठा करीत आल्या आहेत. जनावराची निवड, विमा, गोठ्याचे बांधकाम यांचा प्रकल्प अहवालात तपशीलवार विचार होतो. गव्हाणीत रोज काय पडणार, हा प्रश्न मात्र बहुधा एका ओळीत आटोपला जातो. वस्तुतः दुग्धव्यवसायाच्या आवर्ती खर्चापैकी साधारणतः ६० ते ७० टक्के खर्च एकट्या चाऱ्यावर आणि खुराकावर होतो. कर्जाचा हप्ता वेळेवर जमा होणार की थकणार, हे पुष्कळ अंशी त्या दुर्लक्षित ओळीवर ठरते.

हा संबंध एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गाय व्याल्यानंतर पहिले दोन-तीन महिने तिचे दूध झपाट्याने वाढते. आहार अपुरा असला तरी ती लगेच दूध कमी करीत नाही; स्वतःच्या अंगावरील मांस-चरबी झिजवून दूध देत राहते. पशुपालकास वाटते, की सर्व ठीक चालले आहे. पुढे बरगड्या दिसू लागतात, माज येत नाही अथवा आलेला माज ठरत नाही. एक माज हुकला, की २१ दिवस वाया जातात. असे चार-सहा माज हुकले, की दोन वेतांमधील अंतर १३-१४ महिन्यांवरून दीड वर्षावर जाते. या लांबलेल्या काळात गाय आटते, तिचे खाणे चालूच राहते आणि हप्ता तर आटत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण गोठ्यास अक्षरशः लागू पडते.

वजन एक, अन्न दुसरे

आहाराचा हिशेब पेंढ्यांवर, भाऱ्यांवर वा पाट्यांवर करण्याची आपल्याकडील रीत फसवी आहे. हिरव्या चाऱ्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. म्हणजेच २० किलो हिरव्या मक्यातून गाईस प्रत्यक्षात ४ किलो अन्न मिळते. उलटपक्षी वाळलेल्या कडब्यात किंवा खुराकात पाणी जेमतेम १० टक्के असते. पाणी वजा जाता उरणाऱ्या या भागास शुष्क पदार्थ असे म्हणतात. गाईची गरज आणि चाऱ्याची किंमत या दोहोंचे मोजमाप त्यावरच करावे लागते.

केवळ उदाहरणादाखल असे समजू, की हिरवा चारा ३ रुपये किलो आणि कडबा ८ रुपये किलो आहे. वरवर पाहता हिरवा चारा स्वस्त वाटतो. परंतु हिरव्या चाऱ्यातील एक किलो शुष्क पदार्थ १५ रुपयांस पडतो, तर कडब्यातील सुमारे ९ रुपयांस. याचा अर्थ हिरवा चारा देऊ नये असा मुळीच नाही. त्यातील जीवनसत्त्वे आणि पचनीयता कडब्यातून मिळत नाही. मात्र आपण काय विकत घेत आहोत, पोषण की पाणी, हे पशुपालकास ठाऊक असावयास हवे.

साधारण ४०० किलो वजनाच्या आणि दिवसाला १० लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईस वजनाच्या ३ टक्के, म्हणजे सुमारे १२ किलो शुष्क पदार्थ लागतो. त्यात प्रथिनांचे प्रमाण १२ ते १३ टक्क्यांच्या आसपास असावे.

दोन गव्हाणींची तुलना

पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात सर्रास आढळणारा आहार पाहू : कडबा ६ किलो, उसाचे वाढे १२ किलो आणि सरकी पेंड २ किलो. या आहाराने गाईचे पोट बऱ्यापैकी भरते. त्यातून सुमारे १० किलो शुष्क पदार्थ मिळतो. परंतु प्रथिने मिळतात अवघी ८०० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८ टक्के. शिवाय उसाच्या वाढ्यांतील ऑक्झलेट हे द्रव्य आहारातील चुन्याशी (कॅल्शियमशी) संयोग पावून तो शरीरास दुर्लभ करते. ज्या गाईच्या दुधातून रोज चुना बाहेर जात आहे, तिला हा दुहेरी फटका असतो.

आता दुसरी गव्हाण पाहू : हिरवा मका १४ किलो, लसूणघास ६ किलो, कडब्याची कुट्टी ३.५ किलो आणि घरी तयार केलेला संतुलित खुराक ५.५ किलो. यातून सुमारे १२ किलो शुष्क पदार्थ आणि दीड किलोहून थोडी अधिक प्रथिने मिळतात. प्रमाण १३ टक्क्यांच्या घरात येते. पहिल्या गव्हाणीच्या तुलनेत प्रथिने जवळजवळ दुप्पट होतात. यात केवळ ६ किलो लसूणघासाचा वाटा सुमारे २४० ग्रॅम असून तो सव्वा किलो खुराकातील प्रथिनांहून कमी नाही. शेताच्या बांधालगत दोन-तीन गुंठ्यांत लावलेली लसूणघास, चवळी किंवा दशरथ घास बाजारातील पेंडीचा खर्च कसा कमी करते, ते यावरून ध्यानी येईल.

देशाच्या निरनिराळ्या भागांत घटक बदलतील, सूत्र बदलत नाही. पंजाब-हरियाणात कडब्याच्या जागी गव्हाचे काड आणि लसूणघासाच्या जागी बरसीम येईल. बंगाल, ओडिशा आणि कोकण-गोव्यात भाताचा पेंढा येईल. दक्षिण कर्नाटकात नाचणीचे काड. यांपैकी भाताचा पेंढा प्रथिनांच्या बाबतीत विशेष दरिद्री असल्याने त्यासोबत द्विदल चारा आणि खुराक यांची जोड अधिक काळजीपूर्वक द्यावी लागते.

घरगुती खुराक : प्रमाण आणि हिशेब

घरी बनविलेला खुराक (आंबोण) विकतच्या पशुखाद्याहून निकृष्टच असतो, ही समजूत बरोबर नाही. तो निकृष्ट होतो तो एकाच घटकावर भिस्त ठेवल्यामुळे. नुसती सरकी पेंड, नुसता भरडा किंवा नुसता कोंडा हा संतुलित आहार नव्हे. धान्यातून ऊर्जा मिळते, पेंडीतून प्रथिने मिळतात, कोंडा व चुनीतून दोन्ही थोड्या प्रमाणात मिळतात. खनिजे मात्र यांतील कशातूनही पुरेशी मिळत नाहीत. म्हणून १०० किलो खुराकासाठी पुढील प्रमाण सोयीचे ठरते :

मक्याचा भरडा ३३ किलो
शेंगदाणा पेंड १७ किलो
सरकी पेंड (विदर्भातील ढेप) २० किलो
गव्हाचा कोंडा १७ किलो
तूर चुनी १० किलो
खनिज मिश्रण २ किलो
मीठ १ किलो

या मिश्रणात सुमारे १८ टक्के प्रथिने असतात. शरीरपोषणासाठी रोज दीड किलो आणि प्रत्येक अडीच लिटर दुधामागे एक किलो, असे साधारण प्रमाण धरल्यास १० लिटर दूध देणाऱ्या गाईस ५.५ किलो खुराक लागतो. तो दोन वेळांत विभागून द्यावा. खुराकातूनच गाईस दररोज सुमारे ११० ग्रॅम खनिज मिश्रण मिळते, हे लक्षात घ्यावे. काटकसर करताना पहिली कात्री बहुधा खनिज मिश्रणालाच लागते, आणि गाय वेळेवर माजावर न येण्याच्या तक्रारीमागे पुष्कळदा हीच काटकसर असते.

घटक विकत घेताना पोत्याच्या भावापेक्षा प्रथिनांचा भाव पाहावा. पुन्हा उदाहरणादाखल, सरकी पेंड ३५ रुपये व शेंगदाणा पेंड ४५ रुपये किलो आहे असे समजू. सरकी पेंडीत सुमारे २२ टक्के आणि शेंगदाणा पेंडीत सुमारे ४२ टक्के प्रथिने असतात. त्यामुळे सरकी पेंडीतील एक किलो प्रथिने सुमारे १५९ रुपयांस, तर शेंगदाणा पेंडीतील १०७ रुपयांस पडतात. महाग दिसणारे पोते येथे स्वस्त ठरते. भाव हंगामाप्रमाणे बदलतात; म्हणून हा भागाकार दर खरेदीच्या वेळी नव्याने करावा. सोयाबीन पेंड स्वस्त मिळत असल्यास शेंगदाणा पेंडीच्या जागी तिचा वापर करता येतो.

वैरणीची गुणवत्ता कापणीपासून

चाऱ्याची गुणवत्ता प्रथम शेतात ठरते. हिरवे दिसावे म्हणून फार कोवळे कापले तर उत्पादन कमी आणि पाणी जास्त. वजन वाढावे म्हणून फार काळ ठेवले तर ताटे लाकडासारखी होतात व पचत नाहीत. मका आणि ज्वारी निम्मे पीक फुलोऱ्यात आल्यावर कापावी. संकरित नेपिअर गवताची पहिली कापणी दोन महिन्यांच्या सुमारास आणि नंतरच्या कापण्या ४० ते ५० दिवसांनी घ्याव्यात. ज्वारीच्या बाबतीत एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. फुलोऱ्यापूर्वीच्या कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या पिकात, हायड्रोसायनिक आम्ल निर्माण करणारे द्रव्य असते. असा चारा खाल्लेले जनावर अल्पावधीत दगावू शकते.

कडबा आखूड करण्यासाठी कडबाकुट्टी यंत्र हा सर्वांत सोपा उपाय होय. अखंड ताटे टाकल्यास गाय पाने निवडून खाते आणि बाकीचा कडबा पायदळी तुडविला जातो. दोन ते चार सेंटिमीटर लांबीची कुट्टी केल्यास ही नासाडी थांबते आणि हिरवा व वाळला चारा एकत्र मिसळून देता येतो. कुट्टी याहून फार बारीक करू नये. रवंथ होण्यासाठी आणि दुधातील स्निग्धांश टिकण्यासाठी चाऱ्यात काही लांबी राहणे आवश्यक असते.

कडबा, काड किंवा पेंढा निकृष्ट असल्यास त्यावर युरियाची प्रक्रिया करता येते. १०० किलो वाळल्या वैरणीसाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा. वैरणीचे थर पसरून प्रत्येक थरावर झारीने हे द्रावण सारखे शिंपडावे, पायांनी दाबावे आणि ढीग प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद झाकावा. २१ दिवसांत युरियापासून तयार झालेला अमोनिया वैरणीतील कठीण तंतू सैल करतो. वैरण मऊ होते आणि तिच्यातील प्रथिनांचे प्रमाण साधारण ३-४ टक्क्यांवरून ७-८ टक्क्यांपर्यंत जाते. ढीग एका बाजूने उघडावा आणि रोजची वैरण तासभर मोकळ्या हवेत पसरून मगच द्यावी. सहा महिन्यांखालील वासरांना ती देऊ नये. युरियाचे द्रावण जनावराच्या तोंडी लागता कामा नये. ते प्राणघातक ठरते. प्रथमच हा प्रयोग करणाऱ्याने पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करावा.

मुरघास : उन्हाळ्याची बेगमी

महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ पाहिला आणि २०१२-१३, २०१८-१९ या वर्षी चारा छावण्याही पाहिल्या. चाऱ्याअभावी जनावर मातीमोल भावाने विकले गेले, तर कर्ज मागे राहते आणि ते फेडण्याचे साधन निघून जाते. यावर घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय म्हणजे मुरघास.

मक्याचे दाणे दुधाळ अवस्था ओलांडून पिठूळ होऊ लागले, की पीक कापावे. या वेळी त्यात ६५ ते ७० टक्के ओलावा असतो. परीक्षा सोपी आहे. कुट्टी मुठीत घट्ट दाबून मूठ उघडावी. पाणी निथळले तर चारा फार ओला आहे; गोळा लगेच विखुरला तर फार वाळला आहे; गोळा हळूहळू सुटला तर योग्य आहे. एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करून खड्ड्यात किंवा पिशवीत थराथराने भरावी आणि प्रत्येक थर दाबून हवा काढावी. मुरघासाचे यश या दाबण्यावर असते, कारण हवा राहिली तेथे बुरशी येते. हवाबंद केल्यावर ४५ दिवसांनी मुरघास वापरता येतो. चांगल्या मुरघासास पिवळसर हिरवा रंग आणि आंबटगोड वास असतो. काळा पडलेला, कुजका वास येणारा किंवा बुरशी दिसणारा भाग निर्धास्तपणे फेकून द्यावा.

दोन गाईंना रोज प्रत्येकी १५ किलोप्रमाणे फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांसाठी ३.६ टन मुरघास लागेल. नासाडी धरून ४ टन. त्यासाठी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल खड्डा पुरतो. चाऱ्याच्या मक्याचे एकरी उत्पन्न १६ ते २० टन धरल्यास हा सर्व चारा ८ ते १० गुंठ्यांत निघतो. एवढीशी जमीन खरिपात बाजूला काढून ठेवली, तर उन्हाळ्यात वाढीव दराने चारा विकत घेण्याची वेळ टळते.

बुरशी : न दिसणारी हानी

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोधाअंती त्याचे कारण त्यांच्या खाद्यातील बुरशीयुक्त शेंगदाणा पेंड असल्याचे निष्पन्न झाले, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाची ओळख जगास झाली. गाईने अशी पेंड किंवा मका खाल्ल्यास या विषाचा अंश दुधात उतरतो. दूध उकळल्याने तो नष्ट होत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत तपासलेल्या ६,४३२ दूध नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत हे प्रमाण विहित मर्यादेपेक्षा अधिक आढळले होते. गोठ्यातील पोत्याचा संबंध अशा रीतीने घरातील मुलाच्या पेल्याशी येतो.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. मका व पेंड पूर्ण वाळवूनच साठवावी. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर ठेवावीत. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांपुरताच खुराक तयार करावा. बुरशी आलेले खाद्य उन्हात वाळवून किंवा चांगल्या खाद्यात थोडे थोडे मिसळून खपविण्याचा मोह टाळावा. बुरशी वाळते, विष वाळत नाही.

बदल सावकाश करावा

गाईच्या पहिल्या पोटात असंख्य सूक्ष्म जीव असतात आणि चाऱ्याचे पचन मुख्यत्वे तेच करतात. आहार एकाएकी बदलला तर त्यांची घडी विस्कटते. म्हणून नवा खुराक, मुरघास किंवा प्रक्रिया केलेली वैरण थोड्या प्रमाणात सुरू करून १० ते १५ दिवसांत पूर्ण प्रमाणावर न्यावी. लग्नकार्यातील उरलेला भात, पोळ्या किंवा धान्याचे पीठ गाईपुढे एकदम ठेवणे, हे प्रेमापोटी होत असले तरी घातक असते. त्यामुळे पोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकते. स्वच्छ पाणी दिवसभर उपलब्ध असावे. दुभत्या गाईस रोज ६० ते ८० लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक पाणी लागते. पाणी तोडले, की दूध त्याच दिवशी तुटते.

नोंदवही आणि बँक

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात (२०११-१२ ते २०१८-१९) आहार संतुलन कार्यक्रम गावोगावी राबविला. त्याचे तत्त्व हेच होते, की जवळ उपलब्ध असलेल्या घटकांतूनच प्रत्येक जनावराच्या गरजेनुसार आहार जुळवावा. पशुपालकास एक साधी वही आणि काटा एवढ्यावर त्याचा आरंभ करता येतो. वहीत प्रत्येक गाईचा रोजचा चारा, खुराक, दूध, संकलन केंद्राच्या पावतीवरील फॅट व एसएनएफ, माजाची व रेतनाची तारीख लिहावी. आहारात केलेल्या बदलाचा परिणाम दोन-तीन आठवड्यांत त्या वहीत दिसू लागतो.

अर्थसाहाय्याच्या दृष्टीनेही ही वही मोलाची आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये किसान क्रेडिट कार्डाची सुविधा पशुपालनाच्या खेळत्या भांडवलासाठी लागू केली. चारा, पेंड व खनिज मिश्रण हंगामात स्वस्त असताना खरेदी करण्यासाठी तिचा उपयोग होतो. शेती व संलग्न व्यवसायांसाठी तारणाविना कर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपये करण्यात आली. कडबाकुट्टी यंत्र, मुरघासाचा खड्डा अशा बाबी मुदत कर्जाच्या प्रकल्पात अंतर्भूत करता येतात.

दुधाळ जनावरांच्या कर्जप्रकरणाची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यानेही अर्जदारास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : चाऱ्यासाठी किती गुंठे राखले आहेत? फेब्रुवारी ते मे या काळात गाय काय खाणार? खुराकात खनिज मिश्रण किती? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर दुसऱ्या गाईचे कर्ज मंजूर करण्याआधी पहिल्या गाईच्या गव्हाणीसाठी अर्थसाहाय्य करणे बँकेच्या व कर्जदाराच्याही हिताचे ठरेल. अर्धपोटी दोन गाईंपेक्षा पुरेसे पोषण मिळालेली एक गाय अधिक काळ दुधात राहते, वेळेवर गाभण राहते, आणि तिचा हप्ताही वेळेवर येतो.